धुळीने दमलेली छाती आणि श्वासाचे व्यायाम

(व्यवसायजन्य रोगांविषयीच्या कामगार अभ्यासवर्गात आरोग्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



सकाळच्या सत्रात आपण वेतन करार आणि कंत्राटी कामगारांचे प्रश्न यांवर चर्चा केली. आता कार्यक्रमपत्रिकेवर योगासने आणि श्वासाचे व्यायाम हा विषय पाहून काही प्रतिनिधींनी आम्हाला विचारले की, युनियनने योगवर्ग काढायचे ठरवले आहे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सुरुवातीलाच दिलेले बरे. ज्यांची फुफ्फुसे कामाच्या ठिकाणच्या धुळीने निकामी होत आली आहेत, असे हजारो कामगार आपल्या सभासदांत आणि माजी सभासदांत आहेत. त्यांना नुकसानभरपाई मिळवून देणे हे जसे आपले काम, तसेच उरलेल्या फुफ्फुसावर माणसाने जगायचे कसे, जिना चढायचा कसा, रात्री धाप लागली तर काय करायचे, हे त्यांना सांगणे हेही आपलेच काम आहे. श्वासाचे व्यायाम त्यासाठी उपयोगी पडतात. परंतु ते कशासाठी उपयोगी पडतात आणि कशासाठी पडत नाहीत हे नीट समजून घेतले नाही, तर त्याच व्यायामांचा उपयोग आपल्याविरुद्ध केला जातो. म्हणून हा विषय घेतला आहे.

रोगी कोण आहेत?

ज्यांच्याविषयी आम्ही बोलत आहोत ते लोक देशभर विखुरलेले आहेत. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार, गुजरातेतील खंभात येथे अकीक दगडाला पैलू पाडणारे घरबसल्या कारागीर, राजस्थानातील वालुकाश्माच्या खाणींतील मजूर, झरिया आणि राणीगंजचे कोळसा खाणकामगार, ठिकठिकाणच्या ओतशाळांत फेटलिंग करणारे, दगड फोडण्याच्या क्रशरवरचे स्त्री-पुरुष, आणि मुंबई, अहमदाबाद, कानपूर, कोइमतूर येथील सूतगिरण्यांच्या ब्लोरूम व कार्डिंग खात्यांत ज्यांनी उमेद घालवली ते गिरणी कामगार. विडी वळताना तंबाखूची धूळ आणि घरी चुलीचा धूर अशा दोन्ही गोष्टी ज्यांच्या छातीत जातात त्या भगिनींनाही या यादीत धरले पाहिजे.

यातील गिरणी कामगारांचा रोग, बिसिनोसिस, हा फार लबाड रोग आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेले की त्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, आणि पुढच्या दिवसांत आपोआप सैल होते. कामगार म्हणतो, सर्दी झाली असेल. काही वर्षांनी ती आवळ आठवडाभर राहू लागते आणि मग कायमची मुक्कामाला येते. सिलिकोसिसची तऱ्हा वेगळी. दगडातील सिलिकेचे अतिबारीक कण, डोळ्यांना न दिसणारे, फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. शरीरातील सफाई करणाऱ्या पेशी ते कण गिळतात आणि स्वतः मरतात. त्या जागी व्रण पडून घट्ट गाठी होतात. हे बहुधा दहा-वीस वर्षांत घडते, पण क्वार्ट्झ दळण्यासारख्या कामात दोन-तीन वर्षांतही माणूस खचतो. शिवाय धुळीचे काम सोडल्यावरही हा रोग पुढे जात राहू शकतो. या व्रणांना बरे करणारे औषध आजमितीस नाही. हे वाक्य कटू आहे, पण पुढचे सर्व बोलणे त्याच्यावर उभे आहे म्हणून ते स्पष्टच सांगितले.

श्वास अडतो कसा?

व्यायाम शिकण्यापूर्वी आपल्या छातीत काय बिघडले आहे ते माहीत हवे, कारण सर्वांचा बिघाड एक नसतो. लोहाराचा भाता डोळ्यांपुढे आणा. भाता चांगला आहे, पण त्याची नळी अरुंद झाली आहे, असे समजा. हवा आत ओढता येते, बाहेर जायला मात्र वेळ लागतो. ती पूर्ण बाहेर जाण्याआधीच आपण पुढचा श्वास घेतला तर थोडी हवा आत अडकून राहते. घाईघाईने श्वास घेतले की अडकलेली हवा साठत जाते, छाती फुगून राहते, आणि नव्या हवेला जागाच उरत नाही. दमा, जुनाट खोकल्यासह नळ्या अरुंद होण्याचा रोग, आणि वाढलेला बिसिनोसिस यांत असे होते. रोगी म्हणतो, मला श्वास घेता येत नाही. वास्तविक त्याला श्वास सोडता येत नसतो.

आता दुसरा भाता घ्या. नळी ठीक आहे, पण भात्याचे कातडेच वाळून ताठ झाले आहे. तो ताणायलाच जोर लागतो. सिलिकोसिस आणि ॲसबेस्टॉसिस यांत मुख्यतः असे होते. असा माणूस उथळ आणि भराभर श्वास घेतो, कारण त्याला तेवढाच परवडतो. त्याला सारखे 'दीर्घ श्वास घ्या, अजून दीर्घ घ्या' म्हणून दामटणे चुकीचे आहे. त्याचा उपयोग होतो तो शरीर ठेवण्याच्या पद्धतीने, चालण्याचा वेग बेताने ठेवण्याने आणि घाबरणे आवरण्याने. अनेक जुन्या कामगारांत दोन्ही बिघाड एकत्र असतात, आणि वर विडीचेही वर्षानुवर्षांचे ऋण असते. म्हणून फुंकर मारून घ्यायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, आणि छातीचा एक्स-रे झाल्याशिवाय कोणालाही व्यायामाला बसवू नये, हा आमचा पहिला नियम आहे.

या दोन्ही बिघाडांत एक तिसरी गोष्ट भर घालते, ती म्हणजे भीती. धाप लागली की माणूस घाबरतो, घाबरला की श्वास वाढतो, श्वास वाढला की धाप आणखी वाढते. मग तो हालचालच टाळू लागतो. अंगणापर्यंत चालणारा माणूस खाटेवर बसून राहतो, पायांचे स्नायू सुकतात, आणि सुकलेल्या स्नायूंना त्याच कामासाठी अधिक हवा लागते. हे चक्र फुफ्फुसाच्या व्रणांइतकेच माणसाला अपंग करते. व्रण आपल्या हातात नाहीत. हे चक्र मात्र काही प्रमाणात आपल्या हातात आहे.

योगाची तपासणी शास्त्राने केली आहे काय?

केली आहे, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि क्ष-किरण, श्वासातील वायूंचे मापन अशा साधनांनी आसने व प्राणायाम यांची परीक्षा सुरू केली. 'योगमीमांसा' या नियतकालिकातून ते हे प्रयोग प्रसिद्ध करीत. योग म्हणजे चमत्कार अशी समजूत त्यांनी ठेवली नाही. मोजता येईल ते मोजून पाहिले.

पुढे रोग्यांवरही प्रयोग झाले. १९७८ साली 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. टंडन यांचा अभ्यास आला. नळ्या फार अरुंद झालेले २२ पुरुष रोगी घेऊन ११ जणांना योग आणि ११ जणांना नेहमीची फिजिओथेरपी असे नऊ महिने उपचार झाले. योग करणाऱ्यांना धापेचा झटका अधिक चांगला आवरता येऊ लागला आणि श्रम सोसण्याची शक्ती वाढली. १९८५ साली डॉ. नागरत्ना आणि डॉ. नागेंद्र यांनी दम्याच्या ५३ रोग्यांना योग शिकवून त्यांची तुलना तेवढ्याच इतर रोग्यांशी केली. योग करणाऱ्यांचे झटके आणि औषधांची गरज अधिक कमी झाली. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. वीरेंद्र सिंह आणि सहकाऱ्यांनी सौम्य दम्याच्या १८ रोग्यांवरचा प्रयोग मांडला. श्वास घेण्याच्या दुप्पट वेळ सोडण्यास लागेल अशा साधनातून सावकाश श्वास घेतल्यावर त्यांच्या श्वासनलिकांचा चिडखोरपणा कमी झाल्याचे दिसले.

या अभ्यासांचा अर्थ नेमका घ्यायला हवा. रोगी थोड्या संख्येने होते आणि बहुतेक दम्याचे किंवा अरुंद नळ्यांचे होते. धुळीने पडलेला व्रण प्राणायामाने विरघळला असे यांतील कोणीही म्हटलेले नाही. दम्याच्या रोग्यावरचा निष्कर्ष उचलून सिलिकोसिसच्या रोग्याला चिकटवू नये. आणि कोणी 'पंप सोडा, गोळ्या सोडा, योग करा' असे सांगत असेल तर त्याच्या वाऱ्याला उभे राहू नये. डॉक्टरने दिलेला पंप आणि औषधे चालूच ठेवायची. व्यायाम त्यांच्या जोडीला.

आता बसल्या जागी करून पाहू

खुर्चीवर जरा पुढे सरकून बसा. पाय जमिनीवर टेकलेले. दोन्ही कोपरे मांड्यांवर ठेवा, अंग किंचित पुढे झुकवा, खांदे आणि मान सैल सोडा. धाप लागल्यावर पहिल्यांदा हे करायचे. हात टेकले म्हणजे खांद्याचे व मानेचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात. रस्त्यात असाल तर भिंतीला किंवा कठड्याला हात टेकून तसेच पुढे झुका. रात्री धापेने जाग आली तर सपाट पडून राहू नका. उठून बसा, पुढ्यात दोन उशा घ्या आणि त्यांवर हात टेका.

दुसरा व्यायाम आपल्याला लहानपणापासून येतो, फक्त तो व्यायाम आहे हे ठाऊक नसते. बशीतला गरम चहा आपण फुंकर घालून निववतो, तसे ओठ करा. नाकाने मनात दोन आकडे मोजेपर्यंत श्वास घ्या. आता त्याच मिटत्या ओठांतून चार आकडे मोजेपर्यंत सावकाश सोडा. चहा बशीबाहेर सांडता कामा नये इतकी हळू फुंकर. जोर लावून हवा ढकलू नका. ओठ अर्धवट मिटल्यामुळे नळ्यांत थोडा दाब टिकतो, त्या लवकर चेपत नाहीत आणि अडकलेली हवा निघायला वाट मिळते. चार मोजणे जमत नसेल तर तीन मोजा. आकड्यांपेक्षा घेण्याहून सोडणे लांब असणे महत्त्वाचे. एका वेळी चार-पाच श्वास पुरेत. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबा.

तिसरा, पोटाचा श्वास. एक हात छातीवर, एक पोटावर. श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा, सोडताना खाली जावा. ज्यांना सहज जमतो त्यांनी तो करावा. पण ज्यांची छाती पिंपासारखी फुगली आहे त्यांचा श्वासपटल आधीच खाली चेपलेला असतो. त्यांना या व्यायामाने दम अधिक लागतो असे आढळले तर त्यांनी हट्ट धरू नये.

प्राणायामापैकी दोन प्रकार सुरक्षित आहेत. अनुलोम-विलोम, परंतु श्वास कोंडून न धरता. आणि भ्रामरी, म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखा गुणगुण आवाज करीत श्वास सोडणे. भ्रामरीत सोडणे आपोआप लांबते आणि मनही शांत होते. रोज सकाळी आणि संध्याकाळी पाच ते दहा मिनिटे, जेवणानंतर निदान दोन तासांनी.

कफ काढण्यासाठी जोरजोराने खोकून थकू नका. चष्म्याची काच पुसण्यापूर्वी आपण तोंड उघडून 'हा' करतो, तसा मध्यम श्वास घेऊन दोन-तीनदा 'हा' करा. बेडका वर सरकतो, मग एकदाच खोकून टाका. तो झाकणाच्या डब्यात टाकावा.

आसनांत कसरत नको. उभे राहून श्वास घेत हात वर नेणे व सोडत खाली आणणे, खांदे फिरवणे, खुर्चीवर बसून डावी-उजवीकडे झुकणे, जमेल त्यांनी मार्जारासन. शवासन सपाट न करता पाठीमागे उशा रचून अर्धवट टेकून करावे. आणि सर्वांत मोठे आसन म्हणजे चालणे. धाप आवरण्यासाठी आणि पायांतली शक्ती परत आणण्यासाठी रोजचे चालणे अतिशय गुणकारी आहे. वेग असा ठेवा की बरोबरच्या माणसाशी एखादे वाक्य बोलता यावे. वाक्य तुटू लागले की थांबा, फुंकरीचे चार श्वास घ्या, पुन्हा चाला. आज विजेच्या दोन खांबांपर्यंत गेलात तर आठवड्याने तीनपर्यंत जा.

हेच तंत्र रोजच्या कामात आणा. बादली उचलताना श्वास सोडत उचला. जिन्याच्या दोन पायऱ्या श्वास सोडत चढा, मग थांबून श्वास घ्या. आंघोळ स्टुलावर बसून करा. भगिनींनी पीठ मळणे, भाजी चिरणे ही कामे ओट्याशी उभे राहून करण्याऐवजी बसून, कोपरे टेकून करावीत. यात कमीपणा काही नाही. मोजकी रोजी असलेला माणूस जसा पैसा मोजून खर्च करतो तसा श्वास मोजून खर्च करायचा.

काय करू नये

कपालभाती आणि भस्त्रिका हे जोरकस प्रकार फुफ्फुसाच्या जुनाट रोग्याने करू नयेत. अरुंद नळ्या त्या झटक्यांनी चेपतात आणि हवा आणखी अडकते. कुंभक, म्हणजे श्वास कोंडणे, हेही नको. ज्यांच्या फुफ्फुसात मोठे फुगे झाले आहेत त्यांचा फुगा फुटण्याचा धोका असतो, आणि रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असेल त्यांनाही कोंडलेला श्वास बाधतो. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन वर्ज्य. टीव्हीवर शिक्षक सांगतो म्हणून त्याच्याबरोबर वेग वाढवू नका. तुमच्या छातीचा फोटो त्याने पाहिलेला नाही.

छातीत अचानक कळ येऊन धाप वाढली, बेडक्यात रक्त दिसले, ओठ किंवा नखे निळसर झाली, पायांवर सूज आली, ताप आला, तर व्यायाम बंद आणि रुग्णालय गाठणे. बोटाला लावायचा ऑक्सिजन मोजण्याचा चिमटा उपलब्ध असेल आणि व्यायाम करताना आकडा ८८ च्या खाली जात असेल, तर थांबून डॉक्टरांना विचारा.

क्षयाविषयी एक वेगळी सूचना. सिलिकोसिसच्या रोग्याला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजन घटणे असेल तर आधी थुंकीची तपासणी. ती झाल्याशिवाय अशा माणसाला बंद खोलीतल्या सामुदायिक वर्गात बसवू नये. व्यायामाचे वर्ग शक्यतो उघड्यावर किंवा हवेशीर जागेत घ्यावेत.

योगवर्ग आणि धूळ

आता ज्या मुद्द्यासाठी हा विषय अभ्यासवर्गात आणला त्याकडे येतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन जाहीर केला, आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. तेव्हापासून अनेक कारखान्यांत योगवर्ग भरतात. आम्हाला त्याचे वावडे नाही. परंतु आमच्या पाहण्यातले एक उदाहरण सांगतो. एका ओतशाळेत फेटलिंग खात्यातील कामगारांनी धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवण्याची मागणी केली. उत्तर म्हणून व्यवस्थापनाने फलकावर सूचना लावली की, कामगारांच्या फुफ्फुसांच्या आरोग्यासाठी पाळी सुरू होण्यापूर्वी पंधरा मिनिटे त्याच शेडमध्ये योगवर्ग होईल. म्हणजे आधीच्या पाळीची धूळ अजून हवेत तरंगते आहे, आणि कामगारांना सांगितले जाते, खोल श्वास घ्या!

बंधूंनो, याचा हिशेब साधा आहे. माणूस जितका खोल श्वास घेईल तितकी अधिक हवा, आणि त्या हवेतली अधिक धूळ, फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाईल. नाकाची गाळणी सोडून तोंडाने श्वास घेतला तर आणखी जाईल. धुळीच्या शेडमध्ये दीर्घ श्वसन हा व्यायाम नसून जादा पाळी आहे, आणि तीही बिनपगारी. तिथल्या युनियनने योगवर्गाला नकार दिला नाही. वर्ग फाटकाजवळच्या झाडाखाली घ्या, आणि मागणीपत्रकातला पहिला मुद्दा धूळशोषक यंत्रणेचाच राहील, असे लेखी कळवले. आमच्या मते हीच योग्य रीत आहे.

धूळ अडवण्याचे उपाय माणसाला नवे नाहीत. दगड ओला करून कापणे व भोके पाडणे, यंत्राला बंदिस्त करणे, धूळ उडते तिथेच ती ओढून घेणे, झाडूऐवजी पाण्याने किंवा शोषक यंत्राने सफाई करणे, आणि सिलिका असलेल्या वाळूच्या जागी दुसरे द्रव्य वापरणे. तोंडाला बांधलेला रुमाल सिलिकेच्या बारीक कणांना अडवत नाही. योग्य मुखपट्टी द्यावी, पण ती शेवटचा उपाय म्हणून. पहिला उपाय यंत्रावर, मग माणसावर. श्वासाचा व्यायाम या यादीत येतच नाही, कारण तो धूळ अडवत नाही. ज्याच्या छातीत ती आधीच गेली आहे त्याच्यासाठी तो आहे.

दुसरा धोका याहून छुपा आहे. रोगी कामगाराला सांगितले जाते की, तुझी विडी, तुझी आळशी जीवनशैली, तू व्यायाम करत नाहीस, म्हणून तुला दम लागतो. विडी वाईटच आहे आणि ती सोडलीच पाहिजे. धूळ आणि धूर मिळून नुकसान अधिक करतात. पण एक्स-रेवर दिसणाऱ्या सिलिकेच्या गाठी विडीने होत नाहीत. रोगाची जबाबदारी कामगाराच्या सवयींवर ढकलली की भरपाईची जबाबदारी आपोआप टळते. म्हणून योगवर्गाच्या हजेरीपत्रकावर सही करताना त्यासोबत 'माझी प्रकृती उत्तम आहे' असे काही लिहिलेले नाही ना, हे वाचून मग सही करा.

हक्काची कागदपत्रे

सिलिकोसिस, बिसिनोसिस, ॲसबेस्टॉसिस, कोळशाच्या धुळीचा रोग हे कळवण्यास बंधनकारक असलेले रोग म्हणून १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदले गेले. २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे, आणि असा रोग आढळल्यास डॉक्टरने तो शासनाच्या निरीक्षण यंत्रणेला कळवायचा आहे. भरपाईसाठी १९२३ च्या कायद्यानेही हे फुफ्फुसरोग व्यवसायजन्य मानले होते, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती तरतूद पुढे आली आहे. कागदावर हक्क आहे. अडचण येते ती निदान न होण्यात. साध्या खोकल्याचा किंवा क्षयाचा शिक्का मारून माणसाला घरी पाठवले जाते, आणि डॉक्टर एक प्रश्न विचारायचा राहतो: तुम्ही काम काय करीत होता?

लढून काय मिळते याची दोन उदाहरणे. मध्य प्रदेशातील अलीराजपूर, झाबुआ भागातले आदिवासी मजूर गुजरातेत क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि सिलिकोसिस घेऊन गावी परतले. त्यांच्याकडे ना हजेरीपत्रक, ना ओळखपत्र. तरीही राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि सर्वोच्च न्यायालय इथपर्यंत प्रकरण नेले गेले, आणि २०१६ साली न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. राजस्थानने २०१९ साली न्यूमोकोनिओसिसविषयी धोरण जाहीर केले. त्यात रोगाचे प्रमाणपत्र मिळालेल्या कामगाराला ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये अशी तरतूद केली. माणूस गेल्यावरचा पैसा हा न्यायाचा फार छोटा तुकडा आहे. पण रोग कामामुळे झाला हे त्यातून मान्य झाले, आणि पुढच्या प्रत्येक मागणीचा पाया तोच आहे.

शाखांनी काय करावे

आम्ही समितीतर्फे पुढील सूचना मांडतो, त्यांवर गटचर्चेत विचार व्हावा.

एक, प्रत्येक शाखेने धुळीच्या खात्यांत काम केलेल्यांची, निवृत्त आणि कंत्राटी धरून, यादी करावी. त्यात कोणते खाते, कोणते काम, किती वर्षे, हे लिहावे. डॉक्टरपुढे आणि न्यायालयापुढे हीच नोंद बोलते.

दोन, प्रत्येकाचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री करून घ्यावी आणि मूळ फिल्म व अहवाल कामगाराने स्वतःजवळ ठेवावेत. एक्स-रेची फिल्म पावसाळ्यात खराब होते. ती कागदात घालून आडवी, कोरड्या जागी ठेवा.

तीन, जिथे पाच-दहा रोगी आहेत तिथे आठवड्यातून दोन दिवस, उघड्या जागी, श्वासाच्या व्यायामाचा वर्ग भरवावा. सरकारी रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टला बोलावून दोन कार्यकर्त्यांना आधी शिकवून घ्यावे. घरच्या माणसांनाही वर्गात आणावे, कारण रात्री दोन वाजता धाप लागते तेव्हा जवळ युनियन नसते, बायको किंवा मुलगा असतो. त्यांना पुढे झुकून बसवणे आणि फुंकरीचा श्वास माहीत असला तर पहिली दहा मिनिटे निभावतात. मात्र आराम पडत नसेल तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

चार, या वर्गांत जे भेटतील त्यांच्या भरपाईच्या अर्जांचे काम त्याच जागी, त्याच दिवशी करावे. व्यायामाला आलेला माणूस आपल्या छातीविषयी बोलतो, आणि त्या बोलण्यातूनच त्याच्या खात्याची, धुळीची, बरोबरच्या आजारी सोबत्यांची माहिती निघते. हीच माहिती फॅक्टरीतल्या चालू कामगारांच्या मागणीपत्रकाला आधार देते.

पाच, व्यवस्थापनाने योगवर्ग देऊ केला तर तो तीन अटींवर स्वीकारावा: जागा धुळीची नसावी, वेळ पगारी असावी, आणि धूळ मोजल्याचे आकडे फलकावर लागावेत.

बंधू-भगिनींनो, ज्यांची छाती गेली त्यांना ती परत देण्याची शक्ती आमच्यात नाही, कोणत्याही आसनात नाही. पण बसून राहिलेला एखादा सोबती फुंकर घालत घालत अंगणापर्यंत, मग रस्त्यापर्यंत, मग युनियनच्या कचेरीपर्यंत येऊ शकतो, आणि तिथे आपल्या अर्जावर स्वतः सही करू शकतो. तेवढे घडवणे आपल्याला शक्य आहे. चहाच्या सुट्टीनंतर मागच्या पटांगणात वर सांगितलेले व्यायाम करून दाखवले जातील. ज्या प्रतिनिधींच्या खात्यांत धूळ आहे त्यांनी येताना आपल्या शाखेची यादी करण्याचा कोरा तक्ता समितीच्या टेबलावरून घ्यावा.